दाखल-खारिज रजिस्टरमधील एक ओळ

इतिहास म्हटला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पानिपत येते, १७६० ची उदगीरची लढाई येते आणि पाठ न होणाऱ्या सनावळ्या येतात. पण वर्गात "तुझ्या पणजोबांचे नाव काय?" असे विचारले तर मोजकेच हात वर होतात. पणजीचे नाव विचारावे तर एकही नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर माझाही हात खालीच राहिला असता. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इतिहासावर काही लिहा, असा आग्रह केला तेव्हा किल्ले आणि बादशहा बाजूस ठेवून आमच्याच घरातील एका शोधाची हकिकत लिहावी असे वाटले. पालकांनी व विद्यार्थ्यांनी ती गोड मानून घ्यावी.

माझी दादी २०१६ साली नांदेडला वारली. तिचे माहेर उदगीर तालुक्यातील एका लहानशा गावी. तिला एक धाकटा भाऊ होता. घरात सारे त्याला मुन्ना म्हणत. दादी बारा वर्षांची आणि मुन्ना दहाचा असताना दोघांची ताटातूट झाली ती कायमची. दर शब-ए-बारातला दादी चण्याच्या डाळीचा हलवा करी आणि आपल्या वालिदांच्या नावाबरोबर मुन्नाच्याही नावाने फातेहा देववी. आम्हा मुलांचे लक्ष हलव्याकडे. मुन्ना कोण, त्याचे कागदोपत्री नाव काय, तो कोठे गेला, हे आम्ही कधी विचारले नाही आणि तिनेही कधी सलग सांगितले नाही.

ताटातुटीचे साल १९४८. त्या वर्षी १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा मुक्त झाला. त्याआधीच्या काळात रझाकारांनी खेडोपाडी जो धुमाकूळ घातला, त्याचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे आणि तो खरा आहे. त्यानंतरच्या दिवसांत सामान्य मुसलमान रयतेवर जे ओढवले, ते मात्र फारसे कोठे शिकवले जात नाही. भारत सरकारनेच त्याची माहिती घेण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांना पाठविले होते. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही मंडळी संस्थानात फिरली. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे आणि सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावे घेतली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे उरलेली आढळली, एक हजाराहून अधिक मारली गेली आणि बाकीची पळून गेली, अशी नोंद त्यात आहे. शेजाऱ्यांसाठी जिवावर उदार झालेल्या हिंदूंचा उल्लेखही त्याच अहवालात आहे. हा अहवाल बरीच वर्षे गोपनीय राहिला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात वाचकांना पाहावयास मिळू लागला.

या आकड्यांतील ‘पळून गेली’ हे दोन शब्द माझ्या मनात अडकून बसले. मेलेल्यांची मोजदाद झाली, अंदाजाने का होईना. पळून गेलेली कोठे गेली, कोणाला धरून राहिली, कोण कोणाला पुन्हा भेटले, याची मोजदाद कोणी केली?

दादीने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेले जोडले तर चित्र असे होते. तिची आई आधीच वारली होती. वालिद गावातच मारले गेले. गावातील एका लिंगायत घराने दादीला आठ दिवस कडब्याच्या गंजीमागे आणि मग माजघरात लपवून ठेवले. पुढे त्याच घरच्या बैलगाडीतून तिला कंधारला फुफीकडे पोचते केले. मुन्ना त्या वेळी गावात नव्हता. नुकताच तालुक्याच्या शाळेत घातलेला होता आणि तेथेच मुलांच्या वसतिगृहात राहत होता. तालुक्याला काय झाले, याच्या बातम्या कंधारपर्यंत ज्या आल्या त्या वाईटच आल्या. पुढे कोणी म्हणे तो मेला, कोणी म्हणे पाकिस्तानात गेला. माझ्या चाचांनी एकदा ओळखीच्या माणसाकरवी कराचीच्या हैदराबाद कॉलनीत चौकशी करविली होती. पण नुसत्या ‘मुन्ना’ या नावावर कोण सापडणार? आपल्याकडे घराघरांत एक मुन्ना असतोच.

आणखी एक गोष्ट दादी सांगे, ती आम्ही थट्टेवारी नेली. "हमारे मामू लालगुड में थे," असे ती म्हणे. लाल गूळ! आम्ही पोरे खो-खो हसत असू. ‘मामू गुड में थे तो चींटियाँ नहीं लगीं क्या?’ असे मीच एकदा विचारल्याचे आठवते. दादीही हसली होती.

आता शोध कसा सुरू झाला ते सांगतो. त्याचे श्रेय माझे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकाळचे महसुली कागद, शाळांची प्रवेश रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, सारे दप्तर धूळ झटकून बाहेर आले. गावपातळीवरचे बरेचसे कागद मोडीत आणि तहसील, शाळा, कचेरीचे उर्दूत, कारण १८८० च्या दशकात हैदराबादच्या कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली होती. उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आमच्या शाळेतले माझे एक सहकारी, मूळचे उदगीरकडचे, मला म्हणाले, "सर, आजोबांचं नाव आमच्याकडच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात आहे म्हणतात. मुख्याध्यापकांची परवानगी काढलीय. तुम्ही चला, वाचून द्या." दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे गेलो.

रजिस्टर जाड कापडी बांधणीचे, कडा वाळवीने खाल्लेल्या. वर शाळेचा दर्जा लिहिलेला : ‘मदरसा वस्तानिया’. विद्यार्थ्यांना सांगतो, निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेला तहतानिया, माध्यमिकच्या अलीकडच्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कुलाला फौकानिया म्हणत. आत रकाने असे : अनुक्रमांक, मुलाचे नाव, वल्दियत म्हणजे बापाचे नाव, कौम, सुकूनत म्हणजे राहण्याचे गाव, जन्मतारीख, दाखल्याची तारीख, खारिजाची तारीख आणि शेवटी खारिजाची वजह. अक्षर घसीट, नुकते बहुतेक गाळलेले. पहिली दोन पाने वाचायला मला अर्धा तास लागला. नंतर त्या कारकुनाच्या हाताची सवय झाली.

सहकाऱ्यांच्या आजोबांचे नाव दुपारपर्यंत सापडले. कौमच्या रकान्यात जो शब्द त्यांना हवा होता, तो तेथे नव्हता. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दुसऱ्या गावचे कागद बघू." चहा आला. मी उगाच पुढची पाने चाळत होतो, आणि सुकूनतच्या रकान्यात माझ्या दादीच्या माहेरचे गाव दिसले.

गावाची दोन-तीन मुले होती. त्यांपैकी एकाच्या वल्दियतीत जे नाव होते ते मला ओळखीचे वाटले, पण खात्री होईना. खारिजाचे साल १३५८ लिहिलेले. मी इतिहासाचा शिक्षक असून तेथे फसलो, ते प्रांजळपणे सांगतो. १३५८ हे मी हिजरी सन धरले. हिजरी १३५८ म्हणजे इसवी १९३९. मुन्ना तेव्हा पाळण्यात असणार, सबब हा मुलगा दुसराच. मी पान उलटले. दोन-चार पाने पुढे गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तारखेत महिना होता ‘दै’. हिजरी सनात मोहरम आहे, सफर आहे, दै नावाचा महिनाच नाही. तो फसली सन होता! धावत मागे आलो.

हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आझर महिन्याने सुरू होई आणि मग दै, बहमन, इस्फंदार असे करीत सप्टेंबरात आबान महिन्याने संपे. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, आझरपासून बहमनपर्यंत फसली सनात ५९० मिळवावेत आणि पुढच्या महिन्यांना ५९१, म्हणजे इसवी सन मिळतो. त्या हिशेबाने मुलाचा दाखला अमरदाद १३५७ चा, म्हणजे जून १९४८ चा. पोलीस अॅक्शन आबान १३५७ मध्ये. आणि खारिजा दै १३५८ चा, म्हणजे नोव्हेंबर १९४८!

वाचकहो, हा मुलगा माझ्या दादीचा भाऊ असेल, तर तो सप्टेंबरात मेलेला नव्हता. दोन महिन्यांनंतर तो जिवंत होता, आणि कोणीतरी त्याचे नाव रीतसर काढून नेले होते. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द : ‘तर्के सुकूनत’, गाव सोडले. आणि त्याखाली बारीक अक्षरात : ‘हमराह मामू’.

मी त्या पानाचा फोटो घेतला आणि नांदेडला आल्यावर दादीची पेटी उघडली. पेटीत तिचा निकाहनामा होता. वधूच्या बापाचे पूर्ण नाव, त्याच्याही बापाचे नाव आणि गाव, हे सारे काझींनी त्यात लिहिले होते. रजिस्टरातील वल्दियत आणि निकाहनाम्यातील नाव अक्षरशः एक. मुन्नाचे खरे नाव आम्हाला ७५ वर्षांनी कळले. ते येथे लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलींनी तशी इच्छा सांगितली आहे.

येथे जरा विषयांतर करतो, कारण अनेक पालक मला भेटून विचारतात की आमच्याकडे कागदच नाही तर शोधायचे कोठे. जिल्ह्यांच्या सरहद्दी बदलल्या आहेत, हे प्रथम पाहावे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेले. उलट मुधोळ-भैंसा हा भाग १९५६ पर्यंत नांदेडचा होता, तो आज तेलंगणात आहे. त्यामुळे पणजोबांचा कागद आजच्या जिल्ह्यात नसेल तर तो नव्हताच असे समजू नये. जमीन असेल तर १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी पहावी. त्यात ज्याचे नाव आहे तो पोलीस अॅक्शननंतरही गावात होता किंवा निदान त्याचा हक्क होता. इनामदारांच्या घराण्यांचे मुंतखब असतात, हैदराबादच्या तारनाका येथील पुराभिलेखागारात जुन्या राज्याची मोठी दप्तरे आहेत. परंतु बायकांसाठी या कशाचाच फारसा उपयोग नाही. शाळेत मुली थोड्या, जमिनीवर नाव नाही. त्यांच्यासाठी काझींचे निकाहाचे दप्तर हाच एक आधार, आणि ते सांभाळलेले असेल तरच. माझ्या दादीचे नाव एवढ्या साऱ्या सरकारी कागदांत मला एकदाही मिळाले नाही. मिळाले ते त्या निकाहनाम्यात.

असो. तर मामू. ‘हमराह मामू’ वाचले तेव्हा माझ्या कानात दादीचे वाक्य वाजले. मामू लालगुड में थे. अब्बांना विचारले. ते म्हणाले, "मामू रेल्वेत होते, एवढे अम्मी म्हणायची." रेल्वे आणि लालगुड! सिकंदराबादजवळ लालागुडा आहे. निजाम सरकारच्या काळापासून तेथे रेल्वेचा मोठा वर्कशॉप आहे. दादी बरोबरच बोलत होती, आम्हालाच ऐकू येत नव्हते.

लहानपणी कानांवर पडलेले, डोळ्यांनी पाहिलेले असे बारीकसारीकच पुढे कामास येते. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गीताची हकिकत बऱ्याच जणांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी लहानपणी हरवून लाहोरला समझौता एक्सप्रेसमध्ये सापडली. कराचीत एधी फाउंडेशनच्या बिल्किस एधी यांनी तिला सांभाळले, ती हिंदू आहे हे ओळखून तिच्या पूजेची सोयही करून दिली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली, पण घर कोणते ते कळेना. तिच्याजवळ नाव नव्हते, गाव नव्हते, अक्षर नव्हते. तिने खुणांनी सांगितले ते एवढेच की घराजवळ रेल्वे स्टेशन आहे, दवाखाना आहे, नदी आणि देऊळ आहे. इंदूरचे सांकेतिक भाषातज्ज्ञ ज्ञानेंद्र पुरोहित व त्यांचे सहकारी तिला घेऊन नांदेडसह स्टेशने हिंडले. नांदेडहून परभणीमार्गे अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते, तिनेच ती तेथवर गेली असावी असा कयास होता. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तिची आई पुढे आली. गीताचे स्टेशन आणि दवाखाना, तसे आमचे लालगुड.

मी लालागुड्याला दोनदा गेलो. पहिल्या खेपेस हात हलवीत परत आलो. क्वार्टरमधील माणसे सारी नवी, कोणी ऐकून घेतले, कोणी घेतले नाही. दुसऱ्या खेपेस जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत जुन्या नोकरदारांची चौकशी केली. रजिस्टरातील नाव सांगितले तसे एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले, "कौन, वो उदगीरवाले?" मला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

मुन्नादादा त्याच वर्कशॉपमध्ये कामाला लागले होते, १९९६ साली तेथूनच निवृत्त झाले आणि २०११ साली वारले. दादीच्या आधी पाच वर्षे. नांदेडहून रात्रीच्या गाडीत बसलेला माणूस सकाळी सिकंदराबादला उतरतो. एवढ्या अंतरावर ही बहीणभावंडे ६३ वर्षे हयात होती आणि आम्ही कराचीत चौकशी करीत होतो.

त्यांची थोरली मुलगी, नात्याने माझ्या अब्बांची मामेबहीण, जवळच राहतात. मी त्यांना फुफीजान म्हणू लागलो आहे. मी सारे सांगितले. त्या ऐकत होत्या, आणि निकाहनाम्यावरचे दादीचे नाव मी वाचले तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. मग म्हणाल्या, "हमारे यहाँ तो इनके नाम की फातेहा होती है. हर शब-ए-बारात को."

मी विचारले, मामूंनी तेव्हा मुलीचा शोध केला नव्हता का? केला होता. मुन्नाला शाळेतून काढण्याआधी ते गावी गेले होते. जळके घर पाहिले. वेशीजवळ भेटलेल्या एका माणसाला त्यांनी विचारले, भांजी कहाँ है? तो माणूस भेदरलेला, परक्याशी बोलायला तयार नाही. "पोरगी गेली," एवढे म्हणून तो निघून गेला. मामू हैदराबादचे, मराठी तोडकीमोडकी. गेली म्हणजे मेली, असे त्यांनी समजून घेतले. ती कंधारला गेली होती. मामूंनी भाच्याला तसेच सांगितले आणि भाच्याने आपल्या मुलींना.

त्या माणसाला दोष कसा द्यावा? त्याने खोटे सांगितले नव्हते. कदाचित मुद्दामच अर्धे सांगितले असेल, मुलगी कोठे आहे ते कोणाला कळू नये म्हणून. लपवून ठेवणाऱ्या घरातलाच तो असेल, असेही मला कधी कधी वाटते. त्या घरातील आजची पिढी गावात आहे. आम्ही भेटलो, त्यांना बैलगाडीची गोष्ट माहीत आहे, वेशीवरच्या माणसाची नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात फुफीजान आणि त्यांची धाकटी बहीण नांदेडला आल्या. कबरस्तानात बायकांनी जावे की नाही यावर आमच्या घरात थोडी चर्चा झाली, मग अब्बांनीच रिक्षा बोलावली. परतल्यावर फुफीजाननी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक कागद काढला. त्यांच्या वालिदांनी तो जपून ठेवला होता आणि तो कशाचा, हे मुलींना नीट ठाऊक नव्हते. तो शाळा सोडल्याचा दाखला होता. तीच वस्तानिया, तेच घसीट अक्षर, दै १३५८. मी मोबाईलमधील रजिस्टरचा फोटो काढून शेजारी धरला. दाखल नंबर दोन्हीकडे एकच होता. ‘वजह’ पुढे दाखल्यावरही तेच दोन शब्द होते, फक्त ‘हमराह मामू’ लिहिलेले नव्हते. ते रजिस्टरातच राहिले होते.